छोट्या स्पामधली स्वच्छता आणि ती करणारे हात

छोट्या स्पामध्ये सेवा देणारी आणि साफसफाई करणारी व्यक्ती बहुधा एकच असते. मोठ्या हॉटेलातल्या स्पाला हाउसकीपिंग असते, कपडे धुवायला वेगळी लॉन्ड्री असते. चार खोल्या आणि पाच-सहा कर्मचारी एवढ्यावर चालणाऱ्या शहरी स्पात मात्र अभ्यंग संपवून बाहेर आलेली थेरपिस्टच टेबल पुसते, चादर बदलते, फूटबाथ रिकामा करते, तेलकट टॉवेल मशीनमध्ये टाकते आणि पुढच्या क्लायंटला आत घेते. त्यामुळे स्वच्छतेचा प्रत्येक नवा नियम तिच्या वेळेतून आणि तिच्या हातांच्या कातडीतून वसूल होतो. नियम सैल सोडले तर संसर्गाचा धोका क्लायंटला असतो आणि तितकाच तिलाही.

या प्रश्नावर धंद्यात दोन बाजू नेहमी ऐकू येतात. एक स्पा चालवणाऱ्या बाईंची, दुसरी तिथे काम करणाऱ्या थेरपिस्टची. दोन्ही बाजू इथे प्रातिनिधिक संवादातून मांडल्या आहेत.

चालिका : अगं, लोक इथे कपडे उतरवून, डोळे मिटून पडतात. चादरीवर आधीच्या माणसाचा एक केस दिसला तरी तो क्लायंट परत येत नाही. कुणाला पुरळ उठलं तर सगळ्या भागात बोभाटा होतो. नियम कडकच हवेत.

थेरपिस्ट : कडक असू देत की, ताई. पण भिंतीवर लिहिलंय, 'प्रत्येक क्लायंटनंतर सर्व काही धुणे'. हे सर्व काही कोणी धुवायचं, कधी धुवायचं, कशानं धुवायचं, ते कुठेच लिहिलेलं नाही.

चालिकेची भीती पोकळ नाही. सन २००० मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात, वॉटसनव्हिल या गावी, एका नेल सलूनमध्ये पेडिक्युअर करून गेलेल्या शंभराहून अधिक जणांच्या पायांवर गळवे उठली. त्यांना कारण झालेला जंतू होता मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम, जो साध्या नळाच्या पाण्यातही सापडतो. फूटबाथमधले पाणी पंपाने ज्या तोंडातून परत आत ओढले जाते, तिथली जाळी काढून पाहिली तेव्हा तिच्यामागे केस आणि मेलेली त्वचा साचलेली आढळली. टबाचा दर्शनी भाग कितीही घासला तरी ही जागा तशीच राहते. तपासात आणखी एक गोष्ट पुढे आली : पेडिक्युअरच्या आधी ज्यांनी पायांवर रेझर फिरवला होता त्यांना हा त्रास जास्त झाला, कारण बारीक ओरखड्यांतून जंतूला वाट मिळते.

दिवसातून दहा वेळा टब घासायला लावण्यापेक्षा दिवसाअखेर जाळी उघडून साफ करण्याने इथे जास्त काम झाले असते, हे या प्रकरणावरून कळते. 'पेडिक्युअरच्या आधी एक-दोन दिवस पायांवर रेझर फिरवू नका' हे बुकिंगच्या फोनवर सांगायला तर कुणाला काहीच कष्ट पडत नाहीत.

जकूझीचीही अशीच गोष्ट आहे. लेजिओनेला हा जंतू साधारण २० ते ४५ अंश सेल्सियसच्या पाण्यात वाढतो आणि पाण्याच्या बारीक तुषारांबरोबर श्वासात जातो. १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या बोव्हेनकार्स्पेल गावच्या पुष्पप्रदर्शनात निव्वळ दाखवायला चालू ठेवलेल्या जकूझीतून तो पसरला. सुमारे दोनशे माणसे आजारी पडली आणि त्यांतली अनेक दगावली. त्या टबात कोणी उतरले नव्हते. लोक जवळून गेले होते, इतकेच. स्पामध्ये अशा टबाजवळ सर्वांत जास्त वेळ कर्मचारीच असतो.

आपल्याकडचा रोजचा शत्रू मात्र गजकर्ण आहे. गेल्या दशकभरात भारतात गजकर्ण फार हट्टी झाले आहे. त्यामागच्या बुरशीच्या एका प्रकाराला २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव मिळाले. त्यावर टर्बिनाफीन हे नेहमीचे औषध पुष्कळदा चालत नाही. दुकानातून परस्पर आणलेली स्टेरॉइड मिसळलेली मलमे लावून लोक ते दाबतात आणि वाढवतात. सामायिक टॉवेल आणि कपड्यांतून ते पसरते, थेट स्पर्शातूनही पसरते.

थेरपिस्ट : क्लायंटच्या पाठीवर गोल चट्टा दिसला तर मी काय करायचं, ताई? क्लायंटला दुखवायचं नाही, असं तुम्हीच सांगता. पण माझे दोन्ही हात कोपरापर्यंत त्या पाठीवर असतात.

चालिका : नाही म्हणायचं. पण निदान सांगत बसायचं नाही. 'अंगावर काही उठलेलं असताना आम्ही मसाज करत नाही, डॉक्टरांना दाखवून बरं झालं की या', एवढंच. आणि वाद घातला तर मला बोलव.

थेरपिस्ट : मग ते रिसेप्शनवर लिहून लावा. माझ्या तोंडून निघालं की तो माझा उद्धटपणा होतो.

ही मागणी रास्त आहे. नकार देण्याचा अधिकार लेखी असला तर पुढच्या क्लायंटचे टॉवेल आणि थेरपिस्टचे हात दोन्ही वाचतात. स्वच्छतेचा इतका स्वस्त नियम दुसरा सापडणार नाही. महाराष्ट्रातल्या पुष्कळ स्पांत ईशान्य भारतातून आलेल्या मुली काम करतात. क्लायंटशी मराठी-हिंदीत वाद घालणे त्यांना अवघड जाते. त्यांना असा फलक अधिकच हवा.

आता हातांकडे. ब्रिटनच्या कामगार-आरोग्य मार्गदर्शनात 'ओले काम' असा स्वतंत्र वर्ग मानलेला आहे. दिवसात दोन तासांहून जास्त वेळ हात पाण्यात असणे, किंवा वीसेक वेळा हात धुवावे लागणे, म्हणजे ओले काम. अशा कामात हाताचे इसब होण्याचा धोका ठळकपणे वाढतो. पाच क्लायंट घेणारी थेरपिस्ट प्रत्येकाच्या आधी, नंतर आणि साफसफाई झाल्यावर हात धुते. त्यात जेवण, चहा, शौचालय आणि टॉवेलची मशीन मिळवली की वीसचा आकडा सहज पार होतो.

धुण्यातही फरक असतो. मसाजचे तेल साध्या साबणाने लवकर निघत नाही, म्हणून बेसिनवर भांडी घासायचे लिक्विड ठेवलेले आढळते. ते तेलाबरोबर त्वचेची स्वतःची स्निग्धताही ओढून नेते. आधी बोटांच्या बेचक्या कोरड्या पडतात, मग अंगठीखालची जागा लाल होते, मग बोटांच्या पेरांवर भेगा पडतात. पावसाळ्यात चिखल्या होतात, नखाच्या कडेला नखुरडे होते. भेगाळलेल्या कातडीवर स्टॅफिलोकॉकससारखे जंतू जास्त प्रमाणात मुक्काम करतात आणि धुऊनही नीट जात नाहीत. म्हणजे हात अति धुण्याने हात अस्वच्छ होतात, असे घडू शकते. चालिकेच्या आणि थेरपिस्टच्या बाजू इथे एकमेकींत मिसळतात, आणि हीच जागा नियम लिहिणाऱ्यांच्या नजरेतून सर्वांत जास्त निसटते.

चालिका : मग हात धुवायचेच नाहीत का? सॅनिटायझर ठेवलाय की मी प्रत्येक खोलीत.

थेरपिस्ट : तेलकट हातावर तो नुसता पसरतो, ताई. आणि भेगांवर पडला की जीव जातो.

दोघींचेही खरे आहे. अल्कोहोलचा सॅनिटायझर भेगांवर झोंबतो, पण त्यात ग्लिसरीन असेल तर साबण-पाण्यापेक्षा तो त्वचा कमी कोरडी करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात ८० टक्के इथेनॉलबरोबर १.४५ टक्के ग्लिसरॉल घातलेले असते ते यासाठीच. तेलकट किंवा मळलेल्या हातावर मात्र त्याचा भरवसा नाही. म्हणून मसाज संपल्यावर तेल आधी कोरड्या कागदी नॅपकिनने टिपून घ्यावे, मग सौम्य साबण आणि कोमट पाणी वापरावे. कढत पाणी नको. हात घासून न पुसता टिपून कोरडे करावेत आणि लगेच बिनवासाचे मलम लावावे. फोन किंवा पैसे हाताळल्यावर, स्वच्छ चादरींना हात लावण्याआधी, म्हणजे हात तेलकट नसताना, वीस-तीस सेकंद सॅनिटायझर चोळला की पुरे. दिवसातले बरेच धुणे एवढ्याने वाचू शकते. टब आणि फरशीसाठी बिनपावडरचे नायट्राइल मोजे वापरावेत, आत सुती मोजे असले तर उत्तम, कारण घामाने भिजलेला हातही ओलाच असतो. अंगठ्या-बांगड्या कामाआधी काढून ठेवायच्या. मलमाचा खर्च चालिकेने करायचा आणि ट्यूब बेसिनजवळच ठेवायची. पर्समध्ये राहिलेली ट्यूब वापरली जात नाही.

काही नियम त्यांचे कारण संपल्यावरही भिंतीवर राहतात. जून २०२० मध्ये टाळेबंदीनंतर महाराष्ट्रात सलून उघडायला परवानगी मिळाली तेव्हा प्रत्येक ग्राहकानंतर खुर्ची निर्जंतुक करणे आणि सामायिक जागा व फरशी दर दोन तासांनी निर्जंतुक करणे बंधनकारक होते. त्या वेळी ते योग्यच होते. पुढे कळले की कोविड मुख्यतः हवेतून पसरतो आणि पृष्ठभागांचा वाटा कमी आहे. तरी दोन तासांचे फरशी पुसणे कुठे चालू राहिले असेल, तर ती मेहनत खिडकी उघडी ठेवण्याकडे आणि फूटबाथच्या जाळीकडे वळवणे बरे.

रसायनांच्या बाबतीत थेरपिस्टची बाजू अधिक भक्कम आहे.

चालिका : आत आल्याआल्या स्वच्छ वास यायला हवा. क्लायंट नाकानं पारखतात.

थेरपिस्ट : तो वास आमच्या छातीत जातो. त्या बिनखिडकीच्या खोलीत स्प्रे मारून दार लावलं की मला खोकला सुटतो. आणि मावशी संडासात ॲसिड टाकून वर ब्लीच ओततात, म्हणजे जास्त चकाकतं म्हणे.

ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. कोंदट न्हाणीघरात तो फुप्फुसांना गंभीर इजा करू शकतो. अमोनिया असलेल्या क्लीनरशी ब्लीच मिसळले तर क्लोरामाइन वायू होतात, तेही घातक. ब्लीच आणि यांतली कोणतीही बाटली एकाच फडताळात ठेवूच नये, आणि हा नियम थेरपिस्टच्या आधी सफाईच्या मावशींना, त्यांना समजेल त्या भाषेत सांगायला हवा. नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, सहा हजारांहून अधिक लोकांच्या सुमारे वीस वर्षांच्या पाहणीत सफाई करणाऱ्या स्त्रियांच्या फुप्फुसांची क्षमता इतरांपेक्षा वेगाने घटलेली दिसली. हवेत फवारा उडवण्यापेक्षा द्रव फडक्यावर घेऊन पुसले तर नाकात जाणारा अंश कमी होतो आणि पृष्ठभाग अधिक सारखा भिजतो.

ब्लीच वापरायचेच तर मापून. पाच टक्क्यांच्या ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे ४९ भाग घेतले की ०.१ टक्क्याचे द्रावण होते, ते पृष्ठभागांना पुरते. रक्त सांडले तर एकास नऊ. द्रावण रोज ताजे करावे. तेल आणि मळ असला की क्लोरीन त्यातच खर्ची पडतो, म्हणून आधी साबणाने घासणे अटळ आहे. वास कितीही उग्र आला तरी मळक्या टबावर ओतलेले ब्लीच फारसे काही करत नाही.

त्यानंतर येतो संपर्ककाळ. बहुतेक जंतुनाशकांना पृष्ठभागावर काही मिनिटे ओले राहावे लागते. कॅलिफोर्नियात फूटबाथसाठी दहा मिनिटांचा नियम आहे. या दहा मिनिटांत काम द्रावण करते, माणसाला उभे राहायची गरज नसते.

थेरपिस्ट : म्हणजे मी तेवढा वेळ बसले तर चालेल?

चालिका : बस. पण पुढचा क्लायंट बाहेर खोळंबतो त्याचं काय?

उत्तर दुसऱ्या टबात आहे. पंप-नळ्या असलेल्या एका महागड्या फूटबाथऐवजी साधे, सुटे, गुळगुळीत स्टीलचे दोन-तीन टब घेतले तर एक भिजत असताना दुसरा वापरता येतो. त्यांना जाळी नसते, नळी नसते, म्हणून वॉटसनव्हिलसारखा मळ साचायला जागाच नसते. (स्टीलवर ब्लीचचे डाग पडतात आणि ते गंजू शकते, म्हणून ब्लीच वापरले तर नंतर पाण्याने नीट खळबळून घ्यावे.) बुडबुड्यांचे आकर्षण क्लायंटला असते हे मान्य केले तरी उपकरण निवडतानाच पुढच्या काही वर्षांची मेहनत ठरते, आणि ते निवडताना थेरपिस्टला क्वचितच विचारले जाते. अभ्यंगाच्या लाकडी द्रोणीचेही तसेच. तिच्या रेषांत आणि सांध्यांत तेल मुरते, ती घासायला खांदे भरून येतात. जिथे शास्त्राचा किंवा परंपरेचा आग्रह नाही तिथे गुळगुळीत पृष्ठभागाचे टेबल सर्वांच्या सोयीचे.

तेलकट टॉवेलचा धोका निराळा आहे, आणि तो फार कमी जणांना ठाऊक असतो. धुऊनही धाग्यांत तेल उरते. ड्रायरमधून गरम काढलेले असे टॉवेल घड्या घालून एकावर एक रचले की तेलाचे ऑक्सिडीकरण सुरू होते, त्याची उष्णता ढिगात कोंडते आणि टॉवेल आपोआप पेट घेऊ शकतात. मसाज पार्लर आणि स्पांमध्ये अशा आगी लागलेल्या आहेत. सूर्यफुलासारख्या तेलांत हा धोका जास्त, खोबरेल तेलात कमी. म्हणून ड्रायरचे थंड हवेचे शेवटचे चक्र पुरे होऊ द्यावे, टॉवेल पसरून गार करावेत, रात्री निघताना ढीग ठेवू नये. शेवटच्या थेरपिस्टला दहा मिनिटांत दुकान बंद करायची घाई लावली, तर नेमकी हीच पायरी गाळली जाते.

मग वेळेचा हिशेब. खरे भांडण इथेच आहे.

चालिका : सकाळी अकरा ते रात्री आठ. जेवणाचा अर्धा तास सोडला तर साडेआठ तास, म्हणजे तासाचे आठ क्लायंट. प्रत्येकामागे साफसफाईला वीस मिनिटं ठेवली तर सहाच होतात. दोन क्लायंटचं भाडं मी कुठून भरू?

थेरपिस्ट : आठ मसाज एका दिवसात कोणाच्यानं होतात, ताई? पाचव्यालाच अंगठ्याच्या मुळात कळ येते. सातव्याला मी जोर लावते आहे असं नुसतं दाखवते.

थेरपिस्टचे म्हणणे हिशेबाने खरे ठरते. अंगठा, मनगट, खांदा आणि कंबर ही मसाज करणाऱ्यांची नेहमी दुखावणारी ठिकाणे आहेत, आणि कोणीही रोज आठ तास सलग पूर्ण ताकदीने दाबू शकत नाही. चालिकेला जे दोन क्लायंट गमावल्यासारखे वाटतात ते बहुतांशी कागदावरचेच असतात. मधल्या वीस मिनिटांत टेबल, चादर, टब आणि हात उरकतात, आणि मधे बसायलाही मिळते. दुकानात उभ्याने काम करणाऱ्यांना बसायची सोय मिळावी म्हणून केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. स्पाच्या मागच्या खोलीत एक खुर्ची ठेवायला कायद्याची वाट पाहायची गरज नाही.

उरलेल्या तुटीवर दरपत्रकाचा इलाज आहे. '६० मिनिटांचे सत्र, त्यात ५० मिनिटे मसाज' असे उघड छापावे. खोल्यांच्या वेळा एकमेकींपासून पंधरा-पंधरा मिनिटे पुढे-मागे ठेवाव्यात, म्हणजे सगळ्या जणी एकाच वेळी बेसिनवर येत नाहीत. तरीही तूट राहिली तर दर वाढवावा. ज्या दरात टब धुवायला वेळ उरत नाही तो दर मुळातच खोटा असतो, आणि त्यातला फरक कोणाच्या तरी अंगठ्यातून भरला जातो.

पगाराची रचना याहून कळीची आहे. जिथे मूळ पगार थोडा आणि क्लायंटमागे कमिशन जास्त, तिथे साफसफाईचा प्रत्येक क्षण थेरपिस्टला तोट्याचा ठरतो. ती घाई करणारच. सफाईचा वेळ मूळ पगारात धरला की ही ओढाताण सुटते. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांचा २०१७ चा कायदा आला तेव्हा त्यात दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ तास आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती अशी चौकट होती. दहापेक्षा कमी कामगारांच्या आस्थापनांना मात्र नोंदणीऐवजी केवळ सूचना देण्याची सवलत होती. पुढे मर्यादा बदलत गेल्या, तरी लहान स्पातल्या थेरपिस्टची विश्रांती व्यवहारात चालिकेच्या शब्दावरच राहिली.

चालिका : चादरीवर केस सापडला तर शंभर रुपये कापायचे, हे तरी ठेवू ना? त्याशिवाय कोण ऐकतं?

थेरपिस्ट : शंभर कापले की मुली केस लपवतात. ब्लेड लागून रक्त आलं तरी सांगत नाहीत.

वेतन संहिता, २०१९ प्रमाणे दंड आधी जाहीर केलेल्या चुकांसाठीच, बाजू मांडायची संधी देऊन, आणि त्या काळातल्या वेतनाच्या ३ टक्क्यांच्या आतच कापता येतो. पण लपवाछपवीचा मुद्दा कायद्याहून मोठा आहे. हिपॅटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तात किमान सात दिवस टिकतो. ब्लेड लागल्याचे थेरपिस्टने लगेच सांगितले तर टेबल नीट साफ होते, तिला डॉक्टरकडे पाठवता येते. दंडाच्या भीतीने ती गप्प राहिली तर दोन्ही राहून जाते. तीन मात्रांची लस, पहिलीनंतर एका आणि सहा महिन्यांनी, चालिकेच्या खर्चाने सर्वांना द्यावी, आणि मावशींनाही. तपासणी करायची तर चालिकेने आठवड्यातून एकदा स्वतः जाळी उघडावी, ड्रायरची गाळणी काढून पाहावी. चादरीवरचा केस सर्वांनाच दिसतो. जाळीमागे पाहणारे कोणी नसते.

शेवटी आजारी थेरपिस्टचा प्रश्न उरतो. तिला स्वतःला गजकर्ण झाले किंवा हात भेगाळले तर मसाजपासून दूर ठेवणे क्लायंटसाठी आवश्यक आहे, पण त्यात तिचे कमिशन बुडते, म्हणून ती बाही लांब करून कामावर येते.

चालिका : रिसेप्शनवर बसव म्हणतेस, ठीक आहे. मूळ पगार देईन. पण क्लायंट न घेता कमिशन कसं देऊ?

थेरपिस्ट : मूळ पगारात खोलीचं भाडं आणि गावी पाठवायचे पैसे भागत नाहीत, ताई. मग कुणी सांगणारच नाही तुम्हाला.

यावर दोघींचे पूर्ण एकमत होत नाही. मधला मार्ग असा की मागच्या तीन महिन्यांच्या सरासरी कमिशनचा निम्मा भाग त्या दिवसांत द्यायचा, आणि त्यासाठी दरमहा प्रत्येक सत्रामागे थोडी रक्कम बाजूला काढायची. चालिकेच्या दृष्टीने हा वाढीव खर्च आहे. थेरपिस्टच्या दृष्टीने तो अपुरा आहे. किती दिवस द्यायचे तेही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ठरवावे लागते. गजकर्णाला कित्येक आठवडे लागतात. हाताच्या इसबात कातडी वरून बरी दिसल्यावरही आतून पूर्ववत व्हायला बराच काळ जातो, म्हणून मसाज पुन्हा सुरू केला तरी टब आणि ब्लीचचे काम त्या काळात दुसरीकडे सोपवावे.